मागच्या पडवीचं दार

अठरा वर्षांपूर्वी खाडीत बुडून मेलेल्या बाईचं पहिलं वर्षश्राद्ध कोण करणार, हे विचारायला एक अनोळखी बाई अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा नीरजा तुळशीपुढे सारवत होती. १९६८ सालचा कार्तिक चालू होता आणि जत्रा चार दिवसांवर आली होती.

बाई पन्नाशीची. पायांवर प्रवासाची धूळ, हातात कापडी पिशवी.

"सुगंधाबाईंचा घर ह्याच मां?" तिनं विचारलं. "मी सीता. फोंडाघाटसून इलंय. बाईंका जावन फुडल्या म्हयन्यात वरीस होतला. मागे रडणारा कोण नाय. म्हटला, घरच्यांनी एक पान तरी वाढूक व्हया."

ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या श्रीपादकाकांचा अडकित्ता थांबला. ते उठून पायरीवर आले.

"सुगंधा माझी भैण. ती अठरा वर्सांआधी देवबागच्या खाडयेत बुडाली. साऱ्या गावाक म्हायत आसा. तू चुकीच्या घराक इलंस."

"चुकतलंय कशी? बाईंनीच सांगलेला, खाडयेकाठचा थोरला घर..."

"चल, चालती हो!"

कोकणात दारी आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. सीतेला कोणी विचारलं नाही. ती खाली मान घालून निघून गेली.

नीरजाच्या मनात दोन गोष्टी रुतल्या. मेलेली बहीण गेल्या वर्षापर्यंत जिवंत होती असं कोणी सांगितलं, तर माणूस दचकेल, चिडेल, निदान दोन प्रश्न तरी विचारेल. काकांनी एकही विचारला नाही. आणि सीता बोलत होती तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे कोणी ऐकत तर नाही ना, हे बघत होते.

"ह्या कोणाक सांगा नको गो," ते नीरजाला म्हणाले. "जत्रा तोंडार इली."

हे मात्र तिला कळलं. जत्रेच्या संध्याकाळी देवीची पालखी आधी थोरल्या घराच्या दारात यायची आणि घरचा कर्ता पहिला नारळ द्यायचा. घरात मरणाचं सुतक असलं किंवा बाळंतपणाचं सोयर असलं, की पालखी परस्पर दुसऱ्या मानकऱ्यांच्या, धाकट्या घराकडे वळायची. त्या एका नारळापायी दोन्ही घरांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं. आणि रक्ताचं माणूस गेल्याचं वर्षाच्या आत कानावर आलं, की ऐकल्या दिवसापासून जत्रा पार पडेपर्यंत सुतक, असा गावचा रिवाज होता.

पण नीरजाचं स्वतःचं घोडंही नेमकं इथंच पेंड खात होतं. मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला तिची निवड झाली होती. परवानगी हवी होती मोठ्यांची. बाप गुरुदास मुंबईत बोटीवर कामाला. दुसरं लग्न करून तिकडचाच झालेला. 'दादा म्हणतील तसं' याच्यापलीकडे त्याला मत नव्हतं. आणि दादा, म्हणजे श्रीपादकाका, म्हणत, "ह्या घरातली एक नर्स खाडयेन खाल्ली. दुसरी देवची नाय."

ती हकीकत नीरजाला तोंडपाठ होती. सुगंधा ही काकांची धाकटी बहीण. लग्न न करता नर्स झालेली, म्हणून घराच्या डोळ्यांत सलणारी. नीरजाच्या जन्माच्या वर्षी ती पलीकडे देवबागला एका बाळंतपणावर गेली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इकडे नीरजाच्या आईला, रुक्मिणीला, कळा सुरू झाल्या. बोलावणं गेलं. सुगंधा यायला निघाली, वाटेत होडी उलटली, प्रेतही मिळालं नाही. नर्सवाचून रुक्मिणी नीरजाला जन्म देऊन गेली. तिचं श्राद्धही दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच्या तिथीला व्हायचं.

त्यानंतर नीरजाला वाढवलं अक्कानं. अक्का म्हणजे काकांची बायको, कावेरीकाकी. पोटी मूल नव्हतं. सगळी माया नीरजावर. लहानपणी मांडीवर घेऊन थोपटताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "तुझ्या जल्माक असे ढोल वाजत होते गो! तुझा रडणा ऐकाक माका तुझ्या तोंडाकडे कान न्हेवचो लागलो." जत्रेच्या दिवशी मात्र अक्का अन्नाला शिवायची नाही. कसलासा नवस आहे, एवढंच सांगायची.

काका आत गेले तशी नीरजा हात धुऊन धावली. सीता तिला एस.टी.च्या थांब्यावर सापडली.

"मी त्या घरातलीच. रुक्मिणीचा चेडू."

सीता तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं नीरजाचा हात दोन्ही हातांत धरला.

"आते खरीच गेल्या वर्सा गेली?" नीरजानं विचारलं.

"तापान गेली. पेठेतल्या दवाखान्यात होती सगळी वर्सां. मी थंयच आया. निम्म्या फोंड्यातली पोरां तिच्या हातार जल्मली. डाव्या हातार."

"डाव्या कित्याक?"

"उजव्याची मधली दोन बोटां मोडलेली. वाकडीच बसली. इली तेवा चिंधी गुंडाळलेली होती. नर्शीक हात म्हणजे सगळाच मां? डाव्या हातान परत पयल्यापासून शिकल्यान."

"कशी मोडली?"

"एकदाच विचारलंय. 'घराच्या दारान खाल्ली,' म्हणाली. मगे माका विचारूचो धीर झालो नाय."

"घरची आठवण काढी?"

"नाव घेय नाय कोणाचा. पण मालवणसून कोण बाजाराक इलो की विचारी, थोरल्या घरातला चेडू केवढा झाला, शाळेत जाता मां? एकदा कोणीतरी सांगल्यान, चेडवाचो पयलो नंबर इलो. त्या दिसा सगळ्या दवाखान्याक शिरो खावक घातल्यान."

नीरजाला रडू आवरेना. तिचा पहिला नंबर आला तेव्हा स्वतःच्या घरी कोणी गुळाचा खडाही वाटला नव्हता. रडता रडताच तिला भयंकर राग आला, आणि कोणावर ते कळत नव्हतं म्हणून तो आणखी वाढला. मालवणात सीतेची बहीण राहत होती. जत्रेपर्यंत तिथंच थांबा, असं नीरजानं तिला विनवलं.

दुसऱ्या दिवशी ती खाडी उतरून देवबागला गेली. सुगंधाचं शेवटचं बाळंतपण कोणाचं, हे शोधायला वेळ लागला नाही. काशीबाई वाळूत सुके बांगडे परतत होती. थोरल्या घराचं नाव ऐकताच तिचा चेहरा निबर झाला.

"काशीबाई, तुमचो झील कधी जल्मलो?"

"बाळो? तुमच्या जत्रेच्या दिसा, दिवेलागणीक. सुगंधाबाईनच सोडवल्यान माका."

"जत्रेच्या दुसऱ्या दिसा मां?"

"माझ्या झिलाचो जल्म मी इसरान काय? पलीकडे जत्रेचे दिवे लागलेले दिसत होते. बाई नाळ कापीत होती आणि तुमच्याकडचो गडी दाजी धापा टाकीत इलो. 'अक्कान बोलावल्यान, धाकट्या वयनीक कळा सुरू झाल्यो, आत्ताच्या आत्ता चला.' बाईन हात धुतल्यान आणि निघाली."

"अक्कान बोलावल्यान?"

"तसाच म्हणालो तो. मगे त्याच आठवड्यात दाजीक मुंबयक धाडल्यानी. परत कोणाक दिसाक नाय."

"आणि होडी खंय उलाटली?"

काशीबाई उठली. घरामागे, माडांच्या मुळाशी एक जुनी होडी पालथी पडली होती. तळ कुजलेला, कडेनं रान उगवलेलं.

"ही बघ तुमची उलाटलेली होडी," ती म्हणाली. "माझ्या घोवान बाईक ह्याच होडयेन पलीकडे धक्क्यार सोडल्यान. बाई धावतच गेली घराकडे. दुसऱ्या दिसा बोंब झाली, होडी उलाटली, बाई बुडाली! घोव गावभर सांगीत फिरलो, बुडाक नाय रे, मी सोडलंय तिका. कोण ऐकता? थोरल्या घरान सांगल्यान बुडाली, म्हणजे बुडाली. त्या दिसापासून ह्या होडयेत कोण बसाक नाय. बाई बुडवणारो म्हणान झुरान मेलो माझो घोव. आणि तू आता विचारूक इलंस?"

 नीरजा वाळूत काशीबाईच्या पाया पडली आणि परत फिरली.

म्हणजे सुगंधा घरी पोचली होती, तीही जत्रेच्याच संध्याकाळी. पुढे काय झालं?

घराच्या मागच्या पडवीला लागून एक खोली होती. घरातल्या बायका तिथंच बाळंत व्हायच्या. आता तिथं नारळ साठवत. नीरजा त्या खोलीपाशी उभी राहिली आणि जन्मापासून पाहिलेलं ते दार तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. फणसाचं जाड दार, आतल्या बाजूला उघडणारं. बाहेर कडी नाही, कोयंडा नाही. घरातल्या सगळ्या जुन्या दारांना आतून आडवा लाकडी अडसर होता. या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत अडसराच्या खोबणी होत्या, पण अडसर मात्र नव्हता.

"अक्का, ह्या दाराचो अडसर खंय गेलो?"

अक्का चुलीपुढे होती. तिनं वळून पाहिलं नाही. "जाळलंय कधीच. वाळवी लागलेली."

चौकटीला वाळवी नाही, दाराला नाही, आणि त्याच झाडाच्या अडसराला तेवढी लागली! 

रात्रीच्या जेवणावर तिनं काकांना सहज विचारलं, "काका, माझ्या जल्माच्या वर्सा पयलो नारळ कोणी दिल्यान?"

"मीच. दुसरो कोण देतलो?" काकांची छाती जराशी फुगली. "साऱ्या गावासमोर. पालखी दारात होती तवसर मी तिच्यापुढसून पाऊल हलवूक नाय. इचार कोणाकय."

खरंच होतं ते. तिनं गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून घेतलं होतं.

जत्रेची संध्याकाळ झाली. अंगणात रांगोळी, तुळशीपुढे दिवा. काका सोवळं नेसून, नारळ हातात घेऊन ओटीवर उभे. अक्का उपाशी, उंबऱ्याशी टेकलेली. देवळाकडून ढोल निघाल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी मागच्या पडवीतून नीरजा आली. तिच्यासोबत सीता होती.

"हिका परत कोणी हाडल्यान?" काका कडाडले.

"मी हाडलंय. काका, पालखी येवक वेळ आसा. तवसर माका माझ्या जल्माची गोष्ट सांगूची आसा."

"तुझी आवस मेली ती गोष्ट सगळ्यांका ठावक आसा."

"चुकीची ठावक आसा." नीरजा अक्काकडे वळली. "अक्का, तू माका सांगी होतंस, माझ्या जल्माक ढोल वाजत होते. आपल्या गावात ढोल वर्सातसून एकाच संध्याकाळी दारात येतत. पालखीबरोबर. दुसऱ्या दिसा दुपारी कोण ढोल वाजयता? काशीबाईचो झील जत्रेच्या दिवेलागणीक जल्मलो. तेवाच तू आतेक बोलावणा धाडलंस. म्हणजे आवशीक कळा जत्रेच्या दिसाच सुरू झाल्यो. मी त्याच संध्याकाळी जल्मलंय, आणि आवस त्याच संध्याकाळी गेली. तिचा श्राद्ध आजपर्यंत चुकीच्या तिथीक झाला!"

काकांच्या हातातला नारळ जरा खाली आला.

"घरात पोर जल्मला म्हणजे सोयर. माणूस गेला म्हणजे सुतक. एकाच येळेक दोनय. कळला असता तर पालखी धाकट्या घराक गेली असती. म्हणान तुमी एक रात अख्खी दडपलात. दुसऱ्या दिसा जत्रा आटापली, मगे रडूक सुरवात केलात."

"आणि सुगंधा? ती बुडाली मां?" काकांनी दरडावलं.

"आते बुडाक नाय. होडी अजून देवबागच्या वाळूत आसा. आते त्या संध्याकाळी हंय पोचली, मागच्या पडवयेत. पुढच्या अंगणात सगळो गाव जमलेलो. नर्स पेटी घेवन बाळंतिणीच्या खोलयेत जाताना कोणी बघल्यान असता, तर सांगूक शब्दच नको होतो. म्हणान दार लागला. आतेन हात मधी घातल्यान, तिची दोन बोटां मोडली, तरी दार लागला. ह्या सीताबायन ती बोटां सतरा वर्सां बघलेली आसत."

"बरां!" काका दात ओठ खात म्हणाले. "म्हणजे मी दार लायलंय? पालखीपुढे नारळ घेवन उभो होतंय मी. साऱ्या गावान बघलेला."

"होय," नीरजा म्हणाली. "तुमी उभे होतात. दार तुमी लावूक नाय."

तिला पुढचं बोलायचं नव्हतं. गेले दोन दिवस तिनं त्यातून सुटायला किती वाटा शोधल्या होत्या. एकही सापडली नव्हती.

"त्या दाराक भायर कडी नाय. तां फकत आतसून लागता. बाळंतिणीच्या खोलयेत पुरुष जात नाय. घरात आतेशिवाय दोनच बायका होत्यो, दोनय आत. एक माझी आवस. ती उठान दार लावूची नाय." ती वळली. "अक्का, अडसर वाळवयेन खावक नाय. तो तुका बघवाक नाय, म्हणान तू जाळलंस."

अक्का उंबऱ्यावर बसली.  ढोल आता पाणंदीच्या तोंडाशी आले होते.

"बोलावणा मीच धाडलंय," ती म्हणाली. "मगे हेंका कळला. खिडकीकडसून म्हणाले, पालखी दारातसून हलासर दार उघडलंस तर तू ह्या घराची नाय. माका पोर नाय होता गो. ह्या घराशिवाय माका काय होता? ती दार ढकली होती, मी आतसून रेटलंय. तिची बोटां मधी होती ती माका दिसूक नाय. अडसर घातलंय."

"मगे?"

"ती जावक नाय. दाराक तोंड लावन भायरसून सांगी होती. 'अक्का, पोट दाब, रगात थांबव. अक्का, हात आत घाल.' आणि भायर ढोल. माका अर्धा ऐकाक येय, अर्धा नाय. पालखी हलली तेवा दार उघडलंय. तवसर रुक्मिणी थंड पडलेली."

सीता तोंडावर पदर घेऊन रडत होती. नीरजाला रडायला येत नव्हतं.

"आते गप कशी रवली?"

"गप खंय? गावात सांगूक निघालीच होती. मी तुका घेवन तिच्या वाटेत उभी रवलंय. म्हटलंय, बोललंस तर घर वाळीत पडतला, ह्या पोराक कोण बघतला? तू जा. मी हिका पोटची म्हणान वाढयतंय. ती तुझ्याकडे बघीत रवली. मगे हाताक चिंधी गुंडाळल्यान आणि गेली."

"बस झाला!" काका ओरडले. पालखी अंगणाच्या तोंडाशी आली होती. "कोण ऐकतला तुमचा? ढोल वाजतत."

खरंच कोणी ऐकत नव्हतं. नीरजा अंगणात उतरून ओरडली, "ह्या घराक सुतक आसा! माझी आते गेली!" ढोलांच्या दणदणाटात तिचा शब्द तिलाच ऐकू आला नाही. समोरच्या माणसांना वाटलं, पोरगी देवीचा जयजयकार करतेय. काकांनी नारळ वर धरला आणि पायरी उतरले.

तेवढ्यात अक्का उठली. भिंतीचा आधार घेत अंगणात आली. तुळशीपुढचा दिवा तिनं पदरानं मालवला. मग सकाळी स्वतःच्या हातानं काढलेली रांगोळी तिनं पायानं पुसायला घेतली, दारापासून पार पालखीच्या वाटेपर्यंत.

भोयांनी ते पाहिलं. दिवा मालवलेलं, रांगोळी मोडलेलं अंगण म्हणजे काय, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. ढोल एकेक करून थांबले. पालखी जागच्या जागी वळली आणि धाकट्या घराच्या वाटेला लागली. काका हातात नारळ घेऊन तसेच उभे राहिले. जाणाऱ्यांतलं कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग ते नीरजाकडे वळले. "चालती हो घरातसून."

"ह्याच आतेक सांगलेलात काय?" तिनं विचारलं.

सकाळी तिनं आपली ट्रंक भरली. आधी सीतेबरोबर फोंडाघाटला जायचं आणि सुगंधाचं पान वाढायचं. तिथून मुंबई. बापाची सही घ्यायची, देत नाही म्हणाला तर त्याच्या दारात बसून राहायचं. काशीबाईकडे मात्र जाताना थांबायचं आणि होडी उलटली नव्हती हे देवबागेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. काशीबाईच्या मेलेल्या नवऱ्याला आता त्याचा काही उपयोग नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

निघण्यापूर्वी ती मागच्या खोलीत गेली. जिथं तिची आई गेली त्या जमिनीवर तिनं डोकं टेकलं. मागून अक्का आली आणि खोलीतच थांबली. एका रात्रीत ती फार म्हातारी झाली होती.

"मी तुका खरीच वाढयलंय गो," ती म्हणाली. "तां तरी खोटा नाय."

"नाय," नीरजा म्हणाली. "तां खोटा नाय. तेचाच माका जास्त दुखता."

"परत येतलंस?"

 ट्रंक उचलून नीरजा पडवीत आली आणि दार ओढून घ्यायला वळली. आत अक्का चौकटीला धरून उभी होती. तिची चार बोटं चौकटीच्या कडेवर होती.

नीरजानं ट्रंक खाली ठेवली. ती बोटं एकेक करून उचलली, अक्काचा हात तिच्या छातीशी नेऊन ठेवला, आणि मग दार ओढलं.